कांद्याचे गाव

मिसर देशाच्या दास्यातून मुक्त झालेले इस्राएल लोक रानातून मार्ग क्रमीत असताना मोशेपुढे कुरकुर करू लागले, हा ‘गणना’ ग्रंथाच्या अकराव्या अध्यायातील प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. त्या वेळी त्यांना आठवण झाली ती मिसर देशातील मासळीची, काकडी-खरबुजांची आणि कांद्या-लसणीची. प्रवचनातून हा प्रसंग आम्ही धर्मगुरू बहुधा कृतघ्नतेचे उदाहरण म्हणून सांगत आलो आहोत आणि ते योग्यच आहे. तथापि वय वाढत गेले तसा या कुरकुरीतील एक साधा मानवी भावही आम्हांला जाणवू लागला. घरदार मागे टाकून निघालेल्या माणसाच्या मनात पहिल्याप्रथम जागा होतो तो आपल्या चुलीचा वास, आणि त्या वासात कांदा असतोच.

हे सारे पुन्हा आठवण्यास एक निमित्त घडले. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण नोकरीनिमित्त अमेरिकेत शिकागो शहराच्या दक्षिणेस राहतो. गेल्या नाताळात सुटीवर आला असता तो आम्हांला भेटावयास आला आणि म्हणाला, “फादर, आमच्या कामाच्या वाटेवर एक गाव लागतं. पाण्याच्या टाकीवर प्रार्थनेसाठी जोडलेले हात रंगवलेत. तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं की हे गाव एके काळी कांद्यासाठी साऱ्या देशात प्रसिद्ध होतं. पण मला तिथं कांद्याचा एक वाफासुद्धा दिसला नाही.” मग थोडे थांबून तो हळूच म्हणाला, “आमच्या पप्पांचं वाडी विकायचं चाललंय. म्हणून विचारतो, हे असं कसं होतं?”

त्या गावाचे नाव साऊथ हॉलंड. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देण्याजोगे ज्ञान त्या दिवशी आमच्यापाशी नव्हते. पुढे जे वाचनात आले ते येथे मांडीत आहोत. हा इतिहास एका लहानशा गावाचा आहे आणि त्याहूनही लहान अशा एका वस्तूचा आहे.

झोपलेली कांदी

साऊथ हॉलंडची कीर्ती मोठ्या कांद्यामुळे झाली नव्हती. ती झाली बोटाच्या टोकाएवढ्या, वाळवून ठेवलेल्या लागवडीच्या कांद्यांमुळे. इंग्रजीत त्यांना ‘सेट’ म्हणतात. आपल्याकडे हंड्याची हंडी होते, तशी कांद्याची कांदी म्हणावी आणि या लेखापुरते तेच नाव वापरावे, असे आम्ही ठरविले आहे.

कांदा हे मुळात दोन वर्षांचे झाड आहे. पहिल्या वर्षी ते बियापासून पात काढते, पातीने केलेले अन्न बुडाशी साठवून गड्डा बांधते आणि झोपी जाते. दुसऱ्या वर्षी तोच गड्डा जागा होतो, मधून पोकळ दांडा उंच काढतो, दांड्यावर पांढऱ्या फुलांचा गोंडा येतो आणि शेवटी काळे बी धरते. या दांड्याला आपले शेतकरी डेंगळा म्हणतात. आपण भाकरीबरोबर खातो तो कांदा म्हणजे अर्ध्या आयुष्यावर थांबलेले झाड होय.

माणसाने या थांबण्याचा फार पूर्वीपासून उपयोग करून घेतला. कांद्याचे बी अतिशय दाट पेरावे. रोपे एकमेकांना खेटून उभी राहिली की त्यांना अन्न व जागा पुरत नाही आणि गड्डे गोटीएवढे होऊनच पिकतात. ते काढावेत, सुकवावेत, काही महिने जपून ठेवावेत आणि योग्य हंगामात मोकळ्या जागेत अंतर राखून लावावेत. मग खुंटलेली वाढ पुन्हा सुरू होते आणि त्या गोटीचा मुठीएवढा कांदा होतो. बियाचे नाजूक अंकुर, तणाशी झुंज, रोपांची उपटून लावणी, हे सारे टळते. ज्याच्यापाशी हातभर जागा आहे आणि शेतीचा अनुभव नाही, अशा माणसाला कांदा पिकविण्याची याहून सोपी रीत सापडणार नाही.

मात्र कांदीची निवड आणि साठवण यांत चूक झाली की सारेच फसते. अर्ध्या ते पाऊण इंच जाडीची कांदी उत्तम. त्याहून मोठी लावली तर मोठा कांदा मिळेल, असे कोणालाही वाटावे; पण घडते उलटे. मोठ्या कांदीत साठा भरपूर असल्यामुळे ती गड्डा फुगविण्याऐवजी डेंगळा काढण्यास धजते. साठवणीचेही तसेच आहे. गोठणबिंदूजवळच्या थंडीत किंवा चांगल्या उबेत ठेवलेली कांदी निश्चिंत झोपते. पाच ते दहा अंशांच्या मधल्या गारव्यात ती दीर्घकाळ राहिली, तर हिवाळा होऊन गेला असा तिचा ग्रह होतो आणि लावताच ती फुलण्याच्या मार्गाला लागते.

ही रीत कोणा एकाची नव्हे. परंतु तिला विद्वानांच्या सभेत मान मिळवून दिला तो इंग्रज उद्यानशास्त्रज्ञ थॉमस अँड्र्यू नाइट यांनी. १८११ पासून १८३८ पर्यंत ते लंडनच्या उद्यानविद्या संस्थेचे अध्यक्ष होते. त्या काळी इंग्लंडात पोर्तुगाल व स्पेनहून येणाऱ्या मोठ्या, गोड कांद्याला मागणी असे. इंग्लंडच्या आखूड उन्हाळ्यात तो तेवढा पोसत नसे. नाइट यांनी पोर्तुगाली कांद्याचे बी वसंतात निकस जमिनीत, झाडाच्या सावलीला, मुद्दाम दाट पेरले. शरदात मोठ्या वाटाण्याएवढे गड्डे मिळाले. ते त्यांनी हिवाळाभर राखून पुढील वसंतात चांगल्या वाफ्यात लावले आणि परदेशी मालाच्या तोडीचा कांदा इंग्लंडच्या मातीत पिकविला. एका उन्हाळ्याचे काम त्यांनी दोन उन्हाळ्यांत वाटून दिले होते.

सखल कुरणातील माणसे

आता साऊथ हॉलंडकडे वळू. १८३४ साली नेदरलँड्स देशात काही प्रोटेस्टंट मंडळ्या तेथील राजमान्य रिफॉर्म्ड चर्चमधून बाहेर पडल्या. शासनाने त्यांच्या सभांवर बंदी आणली, दंड केले. पुढे १८४५ आणि १८४६ मध्ये बटाट्यावर रोग पडला आणि गरिबांच्या तोंडचे अन्न गेले. छळ आणि भूक या दोन्हींना कंटाळून १८४६-४७ पासून डच कुटुंबे जहाजांनी अमेरिकेकडे निघाली. त्यांत आपले कॅथलिक बांधवही होते. डॉमिनिकन संघाचे फादर थिओडोर व्हान डेन ब्रूक यांनी १८४८ मध्ये डच कॅथलिकांना विस्कॉन्सिन प्रांतातील लिटल शूट येथे नेऊन वसविले. पंथ वेगळे होते, पण भाकरीची चिंता दोघांची एकच होती.

प्रोटेस्टंट कुटुंबांचा एक लहान गट १८४७ च्या सुमारास शिकागोच्या दक्षिणेस लिटल कॅल्युमेट नदीच्या काठी उतरला. जमीन सखल आणि पाणथळ होती. पाऊस झाला की नदी पसरे. इतरांनी नाके मुरडलेली ती जागा या माणसांना मायदेशासारखी वाटली. त्यांनी तिचे नाव ठेविले ‘सखल कुरण’. दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या गटाने काही मैलांवरच्या उंच जागी वस्ती केली, तिला नाव पडले ‘उंच कुरण’. सखल कुरणातील मंडळींनी १८४८ मध्येच आपली उपासनामंडळी स्थापन केली. मायदेशातील प्रांतावरून गावाला साऊथ हॉलंड हे नाव मिळाले आणि १८९४ मध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली. रविवारी दुकाने बंद आणि दारूची विक्री नाही, हा दंडक तेथे अनेक दशके पाळला गेला.

या आरंभीच्या लोकांत आन्तिये पारलबर्ग नावाची एक विधवा होती. पती गेलेला, पदरी मुले, परका देश. तिने शेती उभी केली आणि मुले वाढविली. त्या भागातील डच भाजीवाल्यांच्या जीवनावर एडना फर्बर या लेखिकेने १९२४ मध्ये ‘सो बिग’ ही कादंबरी लिहिली. तिला पुढील वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. कादंबरीच्या नायिकेमागे आन्तियेबाईंची सावली आहे, असे तेथील लोक मानतात. अशा किती आन्तिये आपल्याही धर्मग्रामांच्या दफनभूमीत विसावल्या असतील! त्यांच्यावर कोणी कादंबरी लिहिली नाही, एवढेच.

गुडघ्यांवरची शेती

शिकागोची लोकसंख्या १८५० मध्ये तीस हजारांच्या आत होती. १८९० मध्ये ती दहा लाखांच्या पुढे गेली. एवढ्या तोंडांना भाजी हवी होती. भोवतालच्या डच व जर्मन शेतकऱ्यांनी हळूहळू धान्य आणि गवत सोडून भाजीपाल्याकडे मोर्चा वळविला. त्यांतूनच कांदीची शेती वाढली. नदीकाठची काळी, सपाट, ओल धरणारी जमीन तिला मानवली. शिकागो हे देशातील रेल्वेचे सर्वांत मोठे नाके असल्यामुळे येथून निघालेली गोणी थोड्याच दिवसांत कोणत्याही कोपऱ्यात पोहोचे. हवाही अनुकूल होती. त्या अक्षांशावर जूनमधील दिवस पंधरा तासांचा असतो. तेथील वाणांना गड्डा बांधण्यासाठी अशाच लांब दिवसांची गरज असते.

कांदीचे पीक काढणे म्हणजे मोठे कष्टाचे काम. बाजारी कांद्यासाठी एकरी चार-पाच पौंड बी पुरते. कांदीसाठी साठ पौंडांहून अधिक पेरावे लागे, कारण रोपांची दाटी हेच तर तिचे रहस्य. एवढ्या दाटीत औत चालत नाही. रोपांच्या ओळीतील तण हातानेच वेचावे लागे आणि तेही गुडघे टेकून, ओळीमागून ओळ सरपटत. उन्हाळ्याच्या अखेरीस पातीच्या माना पडल्या की गड्डे उपटायचे, पात पिळून काढायची आणि लाकडी पट्ट्यांच्या उथळ पेट्यांत भरून शेतातच थरावर थर रचायचे, म्हणजे वारा खेळून ते सुकतात. मग चाळून आकाराप्रमाणे निवडायचे, हिवाळाभर सांभाळायचे आणि वसंताच्या तोंडावर बियाण्यांच्या दुकानांकडे रवाना करायचे.

त्या टाकीवरील जोडलेल्या हातांविषयी वाचताना आमच्या मनात आले, की या लोकांचे गुडघे रविवारी देवापुढे टेकत आणि उरलेले सहा दिवस कांद्यापुढे. यात उपहास नाही. श्रम हीही उपासना आहे, हे संत बेनेडिक्टच्या मठवासीयांनी युरोपला शिकविले होतेच.

या गोण्यांचे गिऱ्हाईक कोण होते? मोठे शेतकरी नव्हते. गिऱ्हाईक होते घराच्या मागे दोन-चार वाफे राखणारे कामगार, शिक्षक, विधवा, शाळकरी मुले. कांदी मुठीने विकत घ्यावी आणि मूळ खाली, शेंडा वर करून मातीत खोवावी, एवढेच काम. महिन्याभरात कोवळी पात मिळे, उन्हाळ्यात गड्डा. दुसऱ्या महायुद्धात अन्नाची टंचाई पडू नये म्हणून सरकारने घरोघरी ‘विजयबागा’ लावण्याचे आवाहन केले. १९४३ मध्ये अमेरिकेत अशा सुमारे दोन कोटी बागा होत्या, असा अंदाज सांगतात. अशा बागेत नवख्या माणसाला कांदीइतके सोपे दुसरे पीक क्वचितच असेल. याच दशकात साऊथ हॉलंडला ‘कांदीची जागतिक राजधानी’ असे बिरूद मिळाले. अवघ्या तीन हजार वस्तीच्या गावाला हा मान मिळाला होता.

कागदावरचा कांदा

याच सुमारास तेथून वीस मैलांवर, शिकागो शहराच्या मध्यभागी, कांद्याचा आणखी एक व्यवहार सुरू झाला होता. शिकागो मर्कंटाइल एक्स्चेंज या बाजारात १९४२ पासून कांद्याचे वायदे होऊ लागले. कांदा न पाहता, न हाताळता, पुढील तारखेचा भाव ठरवून कागदावर खरेदी-विक्री करण्याचा हा प्रकार. १९५५ च्या हंगामात व्हिन्सेंट कोसुगा आणि सॅम सीगल या दोघा व्यापाऱ्यांनी शिकागोतील जवळजवळ सगळा कांदा आपल्या मुठीत आणला. मग भाव पडणार या अंदाजाने त्यांनी उलटे सौदे केले आणि साठवलेला माल बाजारात ओतला. १९५५ च्या ऑगस्टमध्ये पन्नास पौंडांच्या ज्या गोणीला पावणेतीन डॉलर मिळत होते, तिला १९५६ च्या मार्चमध्ये दहा सेंट मिळाले. रिकामी गोणी भरलेल्या गोणीपेक्षा महाग झाली. अनेक शेतकरी धुळीस मिळाले.

त्यांच्या आक्रोशामुळे १९५८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कांद्याच्या वायदे बाजारावर बंदी घालणारा कायदा केला. त्याचा पुरस्कार मिशिगन प्रांताचे तरुण प्रतिनिधी, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड यांनी केला होता. त्यांच्या मतदारसंघात डच वंशाच्या लोकांचा मोठा भरणा होता. हा वाद लागवडीच्या कांदीचा नव्हता, बाजारी कांद्याचा होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. शिकागोच्या पंचक्रोशीत मातीतल्या कांद्यापेक्षा कागदावरच्या कांद्यात अधिक पैसा आहे असे मानणारी माणसे निर्माण झाली होती. लवकरच मातीचेही तसेच झाले.

गाव घरांखाली जाते

१९५० मध्ये साऊथ हॉलंडची वस्ती सव्वातीन हजारांच्या आसपास होती. १९६० मध्ये ती दहा हजारांवर गेली आणि १९७० मध्ये चोवीस हजारांच्या जवळ पोहोचली. वीस वर्षांत सातपट! युद्धावरून परतलेल्या तरुणांना घरे हवी होती, कारखाने वाढत होते, १९५८ मध्ये शिकागोला वळसा घालणारा नवा द्रुतगती मार्ग गावाच्या परिसरातून गेला. शहराच्या इतके जवळ आल्यावर एका एकरात किती कांदी पिकते या हिशेबाला अर्थ उरला नाही. त्याच एकरात किती घरे मावतात, हा हिशेब सुरू झाला.

या कथेत खलपुरुष शोधू गेल्यास सापडणे कठीण आहे. ज्या शेतकऱ्याने जमीन विकली त्याची पाठ ओळींतून सरपटून वाकलेली होती. आपल्या मुलांनी गुडघ्यांवर आयुष्य काढू नये असे त्याला वाटले, तर त्याला दोष कसा द्यावा? ज्याने तेथे घर बांधले त्यालाही छप्पर हवेच होते. पुढे त्या घरांतून नवी माणसे आली. आज तेथील बहुसंख्य कुटुंबे आफ्रिकी वंशाची आहेत. त्यांनी गाव आपले मानले आणि तेथील चर्चे भरलेली ठेविली. पारलबर्ग कुटुंबाचे शेतघर स्मारक म्हणून जपण्यात आले. टाकीवरचे हात तसेच आहेत. गेली ती फक्त कांदी.

या इतिहासातील जी गोष्ट आमच्या मनाला लागली ती अशी. या एका गावाने देशभरच्या परसांत कांदा लावून दिला. ज्यांना शेतीचा गंध नव्हता अशांच्या हाती त्याने पिकविण्याचा आनंद सोपा करून दिला. परंतु तेथील शेतकऱ्याला कांदी म्हणजे बाजाराचा माल झाली होती. बाजार दुसरीकडे वळला, जमिनीचा भाव वाढला, तेव्हा एकराएकराचा निर्णय एकाच वेळी झाला आणि त्याबरोबर ती विद्याही गावातून गेली. ज्या परक्या घरांत दर वसंती कोणीतरी मूठभर कांद्या मातीत खोवीत होते, तेथे ती उरली.

आपल्याकडची कांदी

येथे कोणी विचारील, अमेरिकेतील कांदी आणून आपण लावावी काय? तो प्रयत्न वाया जाईल. तेथील वाणाला गड्डा बांधण्यासाठी चौदा-पंधरा तासांचा दिवस लागतो. आपल्या कोकणपट्टीत वर्षातील सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. ती कांदी येथे नुसती पात काढीत बसेल. आपल्याला हवा तो आखूड दिवसांत गड्डा धरणारा वाण, आणि तो आपल्याच महाराष्ट्रात आहे.

आपल्याकडे कांदीचा उपयोग विशेषतः खरीप कांद्यासाठी होतो. उन्हाळी कांदा चाळीतून संपत येतो आणि नवा कांदा अद्याप यावयाचा असतो, असा शरदाच्या तोंडचा काळ दर वर्षी येतो. त्या वर्षी पाऊस फिरला की भाव भडकतात. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत कांद्याच्या भावाचे राजकारण झाले आणि १९९८ मध्ये दिल्लीचे राज्य सरकार कांद्याने पाडले असे म्हटले गेले. या पोकळीत लवकर येणारे पीक म्हणून कांदीची लागवड उपयोगी पडते. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानाने नाशिक परिसरात या रीतीचा पाठपुरावा केला. त्यासाठी त्यांचा अॅग्रीफाउंड डार्क रेड हा वाण प्रसिद्ध आहे. निफाडचा एन-५३ आणि पिंपळगावचा बसवंत ७८० हेही पावसाळी हंगामाचे जुने वाण. १९९८ पासून पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगर येथेही कांदा-लसणाचे केंद्रीय संशोधन चालते.

क्रम असा. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत कांद्याचे बी, ज्याला नाशिककडे उळे म्हणतात, वाफ्यात दाट टाकावे. एप्रिल-मेमध्ये माना पडू लागल्या की गड्डे पातीसकट उपटावेत. दीड ते दोन सेंटिमीटर जाडीचे निवडून पातीनेच जुड्या बांधाव्यात आणि वाऱ्याच्या, कोरड्या, सावलीच्या जागी टांगून ठेवाव्यात. आपल्याकडचा उन्हाळा येथे उपकारक ठरतो, कारण उबेत कांदी गाढ झोपते. ऑगस्टच्या मध्यावर, म्हणजे स्वातंत्र्यदिन आणि मरियामातेच्या स्वर्गउन्नयनाचा सण एकत्र येतात त्या सुमारास, पाणी साचणार नाही अशा गादीवाफ्यावर चार-चार बोटांच्या अंतराने लावाव्यात. शेंडा मातीबरोबर राहावा, खोल पुरू नये. ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरात, सर्व मृतांच्या स्मरणदिनाच्या आगेमागे, कांदा हाती येतो. कोकणातील पाऊस दांडगा. तेव्हा निचरा नसेल तर कांदा कुजतो आणि ढगाळ हवेत पातीवर करपा पडतो, हेही सांगितले पाहिजे.

आम्ही हे केवळ वाचून लिहीत नाही. त्या तरुणाच्या भेटीनंतर धर्मगुरुनिवासामागे, जेथे पूर्वी विटांचा ढीग होता, तेथे एक वाफा तयार केला. फेब्रुवारीत बी टाकले. मे महिन्यात लहान-मोठ्या मिळून चारशेच्या आसपास कांद्या निघाल्या. लोभाने आम्ही मोठ्या कांद्याही निवडून ठेविल्या. पुस्तकाने बजावले होते तेच झाले; त्यांतील कित्येकांनी डेंगळे काढले. एका कोपऱ्यात पाणी तुंबले आणि तेथील कांद्या कुजल्या. तरीही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन टोपल्या भरल्या. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांनी त्या उपटल्या. त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांनी कांदा जमिनीतून निघताना त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला. ज्यांचे आजोबा रहाटाच्या पाण्यावर भाजी पिकवीत होते, त्यांची ही नातवंडे.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. मोठ्या उन्हाळ्यात त्याचे वडील स्वतःच आमच्याकडे आले. वाडी विकू नका असे आम्ही त्यांना म्हणालो नाही. मुलीचे शिक्षण, दुखणी, पाच भावंडांचे वाटे, हे सारे त्यांच्या शिरावर आहे. ते ओझे न उचलता उपदेश करण्याचा अधिकार आम्हांला नाही. आम्ही त्यांना साऊथ हॉलंडची हकिगत तेवढी सांगितली. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “फादर, विकली तरी अर्धा गुंठा घरामागं राहील. पण त्यात काय लावायचं ते आमच्या आईला ठाऊक होतं. मला नाही.”

त्यांचे हे बोल आम्ही विसरू शकलो नाही. जमीन राखणे अनेकदा आपल्या हाती नसते. वाटे पडतात, रस्ते येतात, गरजा उभ्या राहतात. पण बी केव्हा टाकावे, कांदी किती जाडीची निवडावी, जुडी कोठे टांगावी, एवढी विद्या एका पिढीने दुसरीला देणे हे आपल्या हाती असते. ती दिली नाही तर उरलेला अर्धा गुंठाही फरशीखालीच जातो. ती दिली असेल तर गॅलरीतील एका पेटीतही ती जिवंत राहते आणि पुढे जागा मिळेल तेव्हा पसरते. वाळवंटातील त्या इस्राएलांना कांद्याची नुसती आठवण होती. वचनदत्त भूमीत पोहोचल्यावर त्यांच्या मुलांना तो पेरावाही लागला असणारच, आणि पेरण्याची रीत कोणीतरी त्या लांबच्या प्रवासात जपून आणली असली पाहिजे.

ते गृहस्थ ऑगस्टच्या चौदा तारखेला संध्याकाळी पुन्हा आले. आमच्याकडच्या दोन जुड्या मागून घेऊन गेले. वाडीचा व्यवहार अद्याप पुरा झालेला नाही. कदाचित पुढच्या वर्षी होईल. त्यांच्या घरामागचा कांदा मात्र गेल्या आठवड्यात निघाला. त्यातील चांगले निवडलेले गड्डे त्यांनी बियासाठी बाजूला ठेवून पुन्हा लावले आहेत. त्यांना डेंगळे येतील आणि उन्हाळ्याच्या तोंडावर काळे बी धरेल. ते बी झटकून कोरड्या बाटलीत भरावे, हे काम त्यांनी आपल्या धाकट्या मुलीकडे सोपविले आहे.